लव्हिनाच्या वाट्याचे कुरण

सँटियाम नदीकाठ, ऑरेगन
९ मार्च १८८९

प्रिय ऑरिला,

आद्य वसाहतकारांच्या आठवणींविषयीचा तुझा लेख रविवारच्या अंकात वाचला. कात्रण पोस्टमास्तरांनी आणून दिले. सॅन फ्रान्सिस्कोहून ते यायला हवे होते, पण त्याविषयी माझी तक्रार नाही. वाक्यरचना बहुतांशी निर्दोष आहे. विरामचिन्हांचा वापर संयमाने केला आहेस. तथापि मजकुरात काही विधाने चुकीची आहेत आणि ती तशीच राहू देणे मला शक्य नाही.

तू लिहितेस की, सन १८४६ मध्ये तुझे वडील ‘ईश्वराने राखून ठेवलेल्या रिकाम्या दरीत’ उतरले. मी १८४७ च्या ऑक्टोबरात उतरलो आणि दरी रिकामी नव्हती. आमची बैलगाडी शेवटच्या उतारावर आली तेव्हा सर्वप्रथम दृष्टीस पडला तो धूर. सबंध मैदान काळे पडले होते. वीज पडून वणवा लागला असावा, असा तर्क मी केला. पुढच्या वसंतात त्याच काळ्या जमिनीतून घोड्याच्या पोटाला लागेल इतके गवत वर आले, मध्ये मध्ये ओकची झाडे, जणू कोणी मोजून लावलेली. आणि आम्ही सर्वांनी टोप्या काढून निसर्गाचे आभार मानले. तिथले मूळ रहिवासी कॅलापूया लोक दर शरदात ते मैदान जाळीत असत, म्हणून ते मैदान होते. न जाळते तर जंगल झाले असते. हे कळायला मला काही वर्षे लागली. शेजाऱ्याच्या नुकत्याच झाडलेल्या अंगणात पाऊल ठेवावे आणि म्हणावे, ‘अरे वा, किती मोकळे, येथे कोणी राहत नसावे’, तशी ती चूक होती.

तू लिहितेस की, मी ‘संस्कृतीचा दीप पश्चिमेस नेण्याच्या ध्येयाने’ घर सोडले. मी इंडियानात वॅबॅश नदीकाठच्या दलदलीत शाळा चालवीत होतो. वर्षातील चार महिने हिवतापाने अंथरुणात जात. पगार मक्याच्या पोत्यांत मिळे आणि मक्यात भुंगे निघत. एके दिवशी एका प्रवाशाने सांगितले की ऑरेगनमध्ये ताप नाही आणि जमीन फुकट आहे. दिव्याचा उल्लेख त्याने केला नाही. मीही केला नाही.

तू लिहितेस की, आमच्याकडे सहाशे चाळीस एकर होते, त्यांपैकी निम्मे आईचे, आणि मी पुढे निम्मे विकून टाकले. मी एक वीतही विकलेली नाही. त्याविषयी पुढे कधी तरी.

लिहिण्याचे निकडीचे कारण असे. गेल्या मंगळवारी मिस्टर ड्रेक्सलर नावाचे गृहस्थ मोजणीची साखळी घेऊन फाटकापाशी आले. बिअरला लागणाऱ्या हॉप्सच्या वेली लावण्यासाठी त्यांना नदीलगतचे खालचे कुरण हवे आहे. ‘‘तुमच्या लेकीनं शब्द दिलाय, मेच्या मध्यावर सही होणार,’’ असे ते म्हणाले. कुरण तुझ्या आईने तुझ्या नावे ठेवलेले आहे. ते विकण्याचा अधिकार सर्वस्वी तुझा. शहरात स्वतःचे घर असावे ही इच्छाही रास्त आहे. माझी विनंती एवढीच की, कुरण फुललेले पाहिल्याखेरीज सही करू नये.

तुझा पिता,
एनॉस पेटिग्रू


२८ मार्च १८८९

प्रिय ऑरिला,

तुझे उत्तर मिळाले. ‘सहा वर्षांनी मला बाबांच्या पत्राची अपेक्षा होती, मुद्रितशोधनाची नव्हे’, हे वाक्य उत्तम साधले आहे. ते मी दोनदा वाचले.

तू विचारतेस की, त्या कुरणात असे आहे तरी काय. दलदल आहे, निळी फुले आहेत आणि गवत आहे. बरोबर. तू येथून गेलीस तेव्हा तुझे लक्ष कुरणाकडे नव्हते, आणि ज्या दिवशी गेलीस त्या दिवशी कोणाचेच नव्हते.

ती निळी फुले कॅमसची. खाली कांद्याएवढा कंद असतो. कॅलापूयांतल्या आपल्या सलोमीने दिलेले ते काळे, मधासारखे गोड भाजलेले तुकडे तू लहानपणी एप्रनच्या खिशात घालून चर्चमध्ये नेलेस आणि पाद्र्यांच्या पत्नीने ते तंबाखू समजून जप्त केले, ते आठवत असेल. कॅमसच्या शेजारीच पांढऱ्या फुलाचा दुसरा एक कंद उगवतो. तो खाल्ला तर माणूस मरतो, आणि फुले गळून गेली की दोहोंत फरक ओळखू येत नाही. म्हणून खणायचे ते फुले उभी असताना. सलोमीच्या लोकांतील बायका टोकदार काठीने माती उलथतात, मोठे कंद घेतात, लहान परत पुरतात. मग खड्ड्यात तापल्या दगडांवर दोन-तीन दिवस भाजतात. त्यांचा हिवाळा त्या खड्ड्यात शिजत असे.

आम्ही आलो ते डुकरे घेऊन. डुकराला कंद काढायला काठी लागत नाही, आणि लहान कंद परत पुरण्याची त्याला सवय नाही. आम्हांला वाटले, जनावरे स्वतःचे स्वतः चरतात, केवढी सोय. दहा वर्षांत दरीतील बहुतेक कुरणे उकरून संपली. आम्ही कोणाचे कोठार डुकरांना घातले हे आमच्या गावीही नव्हते.

मी त्या बायकांशी बोलत नसे. व्यवहाराची जी चिनूक बोली सर्वजण बोलत, तिला रूपे नाहीत, काळ नाहीत, म्हणून मी ती तोंडातही घेत नसे. तुझी आई महिन्याभरात शिकली. सलोमी तिच्याच वयाची होती. दोघी कुंपणाशी उभ्या राहून हसत, आणि मी विचारले, ‘‘काय म्हणतेय ती?’’ तर लव्हिना म्हणे, ‘‘काही नाही हो मास्तर. म्हणतेय, तुझा नवरा चालतो कसा, पोटात काठी गिळल्यासारखा.’’

१८५६ सालच्या वसंतात त्यांना डोंगरापलीकडे ग्रँड राँडच्या राखीव वसाहतीत नेले. तू अडीच वर्षांची होतीस. पाऊस होता. माणसे चालत होती, म्हाताऱ्यांना गाड्या होत्या, बाजूला घोड्यावर शिपाई होते. लव्हिना घरातली दोन पांघरुणे घेऊन रस्त्यावर धावली. सलोमीने एक घेतले आणि दुसरे मागच्या म्हातारीला दिले. सलोमी एवढेच म्हणाली, ‘‘डुकरं येऊ देऊ नकोस.’’

त्या आठवड्यात तुझ्या आईने खालच्या कुरणाला कुंपण घालायला काढले. मी म्हणालो, ‘‘कुंपणाच्या इतक्या लाकडी रेल्स मी कुठून फोडू?’’ ती म्हणाली, ‘‘तुम्ही कर्ता, कर्म, क्रियापद फोडा. रेल्स मी फोडते.’’ आणि फोडल्या. शरदात तिने ओली पोती हाताशी ठेवून कुरण स्वतः जाळले. शेजारी संतापले. पुढल्या वर्षी राखीव वसाहतीच्या सरकारी एजंटाची परवानगीची चिठ्ठी घेऊन सलोमी आणि आणखी चौघी फुलांच्या वेळी आल्या. तेव्हापासून दर वर्षी येतात. तुझ्या आईनंतर कुरण मी जाळतो. सलोमीचे मत फारसे चांगले नाही. ‘‘लव्हिना जाळायची तेव्हा आग चालायची,’’ ती म्हणते. ‘‘तू जाळतोस तेव्हा आग परवानगी मागते.’’

सभोवतालच्या जमिनींवर, जेथे नांगर गेला नाही तेथे, फरची झाडे माणसाहून उंच झाली आहेत. मोकळे राहिले आहे ते तुझे कुरण.

तू शेवटी लिहितेस की, सहाशे चाळीस एकर आणि मुदतीच्या आदल्या दिवशीचे लग्न, या दोन्ही गोष्टी आईने स्वतः सांगितल्या होत्या, जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यांसमोर, शंभरदा, आणि मी समोर बसून मान खाली घालीत होतो. मान खाली घालीत होतो हे खरे आहे. पुढच्या पत्रात लिहितो. आज हात दुखतो आहे.

तुझा पिता,
एनॉस पेटिग्रू


१६ एप्रिल १८८९

प्रिय ऑरिला,

हाताचे कारण पूर्णतः खरे नव्हते.

१८५० च्या कायद्याप्रमाणे आधीपासून वसलेल्या अविवाहित पुरुषाला तीनशे वीस एकर मिळत. १ डिसेंबर १८५१ पर्यंत त्याने लग्न केले तर आणखी तीनशे वीस पत्नीला, तिच्या स्वतःच्या नावे. त्या वर्षी दरीत जे चालले ते तू ऐकले असशील. बाहुल्या खेळणाऱ्या मुलींना मागण्या आल्या. चाळिशीचे पुरुष घरोघर विचारीत फिरले, ‘‘कोणी आहे का?’’ नाव विचारण्याइतकीही उसंत त्यांना नव्हती.

लव्हिना एकोणीस वर्षांची होती. तिचे कुटुंब आदल्या वर्षी आले होते आणि नदीपलीकडे राहत होते. मी अठ्ठावीस वर्षांचा. कायदा नसता तर मी तिला मागणी घातली असती का? त्या वर्षी नसती. मी धीट नव्हतो. मुदतीने मला धीट केले. इतपत तुझे म्हणणे खरे आहे.

लग्न ३० नोव्हेंबरला ठरले होते. आठवडाभर पाऊस पडत होता. मी नवा कोट घालून काठाशी पोचलो तेव्हा तराफ्याचा दोर तुटून तराफा वाहून गेला होता आणि नदी मळ्यांत शिरली होती. पलीकडे लव्हिना, तिचे वडील आणि पाद्री, तिघे पावसात उभे. तुझे आजोबा मोठ्या आवाजाचे होते.

‘‘मास्तर! पोहता येतं का?’’

‘‘नाही!’’

‘‘मग इतकी वर्षं शिकलात काय?’’

मग त्यांनी युक्ती काढली. पाद्री तिकडून ओरडून विचारतील, मी इकडून ओरडून होकार द्यायचा. सँटियामच्या दोन काठांवर उभे राहून लग्न. यमहिलकडे एका जोडप्याने तसे केले होते म्हणे, आणि जमीन मिळाली होती. पाद्री तयार होते. त्यांनी हात तोंडाशी नेऊन काही तरी म्हटले. पाण्याच्या आवाजात मला एक अक्षरही ऐकू आले नाही.

‘‘हो म्हणा!’’ आजोबा ओरडले.

‘‘प्रश्न ऐकू आला नाही!’’

‘‘प्रश्न काय असणार, गाढवा? हो म्हण!’’

मी म्हणालो नाही. जो प्रश्न ऐकला नाही त्याला मी उत्तर देऊ शकत नाही; लग्नात तर नाहीच. अर्धा तास ते ओरडत होते. मग ती तिघे गेली आणि मी भिजत घरी आलो. दुसऱ्या दिवशी मुदत संपली.

त्या आठवड्यात आसपासची तीन लग्ने मोडली. मुहूर्त टळला तर नवरी कशाला, असा सरळ हिशेब होता. तुझ्या आजोबांनी कोणाकरवी निरोप पाठवला: ‘‘मास्तरांना सांगा, मुलीबरोबर जमीन मिळत नाही आता. यायचे कष्ट घेऊ नका.’’ पाणी उतरले ते पाच तारखेला. सहाला मी कातड्यांसाठी जनावरे पकडणाऱ्या एका ट्रॅपरच्या होडीतून पलीकडे गेलो. लव्हिना दारात कोंबड्यांना दाणे टाकीत होती. तिने वर पाहिलेसुद्धा नाही.

‘‘मुदत संपली, मास्तर. आता कशाला आलात?’’

मी वाटेत एक सुबक वाक्य जुळवले होते. ते आठवेना. मी म्हणालो, ‘‘मला प्रश्न ऐकायचा आहे.’’

तिने सगळे दाणे एकदम टाकून दिले. दुपारी लग्न झाले. पाद्री जवळ होते आणि प्रश्न स्पष्ट ऐकू आला.

तेव्हा सहाशे चाळीस एकर कधीच नव्हते, ऑरिला. तीनशे वीस होते, माझ्या एकट्याच्या नावे. होडीतून परत येताना मी तिला म्हणालो की, कायद्याने तुझे निम्मे गेले ते माझ्या हट्टामुळे. तर माझ्यातले निम्मे तुझे. ती म्हणाली, ‘‘कुठलं निम्मं ते मी ठरवणार.’’ चार वर्षे तिने ठरवले नाही. वरच्या भागात घर होते, गहू होता, विहीर होती. ती तेच घेईल असे मी गृहीत धरले होते. ती पांघरुणे देऊन पावसातून आली त्या संध्याकाळी म्हणाली, ‘‘मास्तर, खालचं कुरण माझ्या नावावर करा. तुमच्या नावावर राहिलं तर शेजारी तुम्हाला वाकवतील. मला वाकवून दाखवू देत.’’ अल्बनीच्या वकिलाने मला वेड्यात काढले. मी त्याच्या मसुद्यातील दोन चुका दाखवल्या आणि सही केली.

आता टेबलावरच्या गोष्टीविषयी. तुझी आई पाहुण्यांना सांगे, ‘‘मुदतीला एक दिवस उरला होता. मास्तर धावत आले. माझ्यासाठी नाही हो, माझ्या तीनशे वीस एकरांसाठी.’’ मग ती माझ्याकडे पाही. जो मनुष्य चर्चमध्ये प्रार्थनेतील चूक उभा राहून दुरुस्त करतो, तो ही दुरुस्त करतो का, हे पाही. मी बशीकडे पाहून बटाटा खात असे. एकतीस वर्षांत मी ती एकदाही दुरुस्त केली नाही. तो आमचा खेळ होता. एका बाजूला तुझी खुर्ची होती, आणि तुला खेळाची एकच बाजू दिसत होती, हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

अंत्यविधीच्या दिवशी तू म्हणालीस, ‘‘जमिनीसाठी लग्न केलंत, आता सगळी मिळाली.’’ मी उत्तर दिले, ‘‘सगळी नाही. निम्मी तुझी आहे.’’ विधान अचूक होते. त्यानंतर तू सहा वर्षे आली नाहीस. पण त्या खोलीत, ती तेथे शवपेटीत असताना, तिची गोष्ट खोटी पाडणे माझ्याने झाले नसते.

काल ड्रेक्सलर पुन्हा साखळी घेऊन आले. सलोमी आणि तिची सून फुले कितपत आली ते पाहायला कुरणात उतरल्या होत्या. सलोमी आता फार वाकून चालते.

‘‘या कोण?’’ ड्रेक्सलरनी मला विचारले. ‘‘कुणाच्या परवानगीनं उतरल्यात?’’

सलोमीने मान वर न करता मला सांगितले, ‘‘त्याला सांग, लव्हिनाच्या.’’

‘‘मग त्या बाईंशीच बोलतो. कुठं असतात?’’

सलोमीने काठीने ओकच्या झाडाखालचा दगड दाखवला. ‘‘ती बघ. जा, विचार. मला कधी नाही म्हणाली नाही.’’

ड्रेक्सलर दगडापर्यंत गेले, नाव वाचले, आणि टोपी हातात घेऊन परत आले. मनुष्य वाईट नाही. मी त्यांना कॉफी दिली.

फुले मेच्या पहिल्या आठवड्यात भरात येतील. मी याहून अधिक काही मागत नाही.

तुझा पिता,
एनॉस


३ मे १८८९

प्रिय ऑरिला,

तुझे पत्र आज सकाळी आले. तू ड्रेक्सलरना कळवले आहेस की, ‘कुरण आईचे आहे, तिला विचारून सांगते.’ मृत व्यक्तीला विचारता येत नाही, हे मी जाणतो. वाक्य मी दुरुस्त केलेले नाही.

सलोमीला वाचून दाखवले. म्हणाली, ‘‘ही लव्हिनाची पोर. तुझी वाटत नाही.’’ मी ते प्रशंसा म्हणून स्वीकारले. तू येशील तेव्हा जाड बूट आण. सलोमीने तुझ्यासाठी काठी तासली आहे आणि शहरी माणसाला ती सवलत देत नाही.

लेख पुस्तिकेच्या रूपाने पुन्हा छापला जाणार आहे आणि तुला अचूक तारखा हव्या आहेत, हे वाचून समाधान वाटले. खाली देत आहे. एक तत्त्व सांगून ठेवतो. जी चूक केवळ माझ्या अंगावर येते तिच्या दुरुस्तीची मला आता घाई नाही. जी सलोमीच्या अंगावर येते ती पहिल्या छपाईलाच दुरुस्त व्हावी.

आगमन: ऑक्टोबर १८४७. तू लिहितेस १८४६. दरीत तेव्हा लोक होते. ‘रिकामी’ हा शब्द काढावा.

जमीनवाटपाचा कायदा: २७ सप्टेंबर १८५०.

कॅलापूया लोकांशी करार: २२ जानेवारी १८५५. तुझ्या लेखात करार आधी आणि वाटप नंतर आहे. क्रम उलट होता. जमीन आधी वाटली, मग ज्यांची होती त्यांना विचारले. हा क्रम कृपया ठळकपणे द्यावा.

त्यांना ग्रँड राँडला नेले: १८५६ चा वसंत. ‘स्वखुशीने गेले’ हे खोटे आहे. मी रस्त्याकडेला उभा होतो.

खालचे कुरण लव्हिनाच्या नावे: एप्रिल १८५६. एकूण जमीन तीनशे वीस एकर. सहाशे चाळीस नव्हे.

तुझा जन्म: ११ ऑक्टोबर १८५३. तू १८५५ छापले आहेस. कारण समजू शकतो. मान्य करू शकत नाही.

आईचा मृत्यू: १९ फेब्रुवारी १८८३. ही तारीख तू बरोबर दिली आहेस.

तुझे आगमन: शनिवार, ११ मे १८८९, अल्बनी स्टेशन, दुपारची गाडी. मी फलाटावर असेन. बदल झाल्यास तार करावी. न झाल्यास उत्तम.

विवाह: तुझ्या लेखात ३० नोव्हेंबर १८५१, मुदतीच्या आदल्या दिवशी. एकरांच्या आकड्याशी ही तारीख जुळत नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात येईल. येऊ द्यावे. तारीख तुझ्या आईने सांगितली आहे, तशीच छापावी.